पुरळ उठलं की पोळी बंद? आधी रक्त तपासा!

आईची_वही:
कालची पोस्ट वाचून गप्प बसवेना. ‘मुलाच्या अंगावर पुरळ उठलं की समजा ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, सोसत नाही. पोळी बंद करा, पंधरा दिवसांत कातडी स्वच्छ.’ खाली कितीतरी जणींनी ‘आजपासून बंद’ लिहिलंय. अहो, पण कुठलं पुरळ? कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे कोरडं आणि खाजरं असेल तर बहुतेक वेळा इसब. पोळी खाल्ल्यावर तास-दोन तासांत गांधी उठत असतील तर गव्हाच्या ॲलर्जीची शंका घ्या. सिलिॲक म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार; त्याच्याशी थेट नातं असलेलं पुरळ म्हणजे डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. ते कोपरांच्या बाहेरून, गुडघ्यांवर, ढुंगणावर, दोन्हीकडे सारखं येतं. बारीक फोड आणि भयंकर खाज. लहान मुलांत क्वचितच. नुसतं ग्लूटेन सोडून ते ओसरायला महिनोन् महिने जातात. पंधरा दिवसांत गेलं, ते हे नसणारच.

भाकरीवाली_माय:
ती पोस्ट माझी आहे. माझा लेक रात्रभर रक्त येईस्तोवर खाजवायचा. डॉक्टरांनी दर वेळी नुसती ट्यूब लिहून दिली, तो काय खातो हे एकदाही विचारलं नाही. पोळी बंद केली आणि पोर झोपलं. तुमचं पुस्तक तेव्हा कुठे होतं?

रात्रपाळी_सिस्टर:
ट्यूबचं नाव काढलंत म्हणून बोलते. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड मिसळलेली मलमं मिळतात. गजकर्णावर ती लावली की खाज थांबते, गजकर्ण मात्र पसरतं आणि पुढे ओळखूही येत नाही. आणि घरातले सगळेच रात्री खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत फोड असतील, तर ती खरूज! सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावायचं. पोळीचा काय संबंध?

मिरजेचा_दादा:
पोळी सोडायची गरजच नाही. खपली खा. त्यात ग्लूटेन नसतं.

आईची_वही:
असतं! खपली गहूच आहे.

मिरजेचा_दादा:
आम्ही पिकवतो ताई, आम्हाला नका शिकवू. बुटका संकरित गहू आला आणि मागोमाग हे रोग आले. आमच्या आजोबांच्या काळात कुणाला असलं काही नव्हतं.

रात्रपाळी_सिस्टर:
दादा, विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने सिलिॲकचा गव्हाशी संबंध १९५० च्या प्रबंधात मांडला. बुटके गहू आपल्या शेतांत आले १९६० च्या दशकात. तुमचं ऐकून सिलिॲकच्या मुलाला कुणी खपलीची खीर भरवली तर जबाबदार कोण? त्या मुलाला खपली, रवा, शेवया, सगळं बंद. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

मिरजेचा_दादा:
बरं, सिलिॲकवाल्यांनी खाऊ नये. बाकीच्यांना मी खपलीच सांगणार.

आईची_वही:
सांगा, पण इथे नको. भाकरीवाली ताई, पोळी बंद करण्याआधी रक्त तपासलं होतं का? टीटीजी-आयजीए ही सिलिॲकची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची. बंद केल्यावर सिलिॲक असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग खात्रीसाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालायचा. आणि शंका डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिसच्या पुरळाचीच असेल तर फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा तुकडा तपासतात.

भाकरीवाली_माय:
पुन्हा गहू? झोपायला लागलेल्या पोराला? तुम्ही घालाल तुमच्या लेकराला? आणि त्याचं पोट कधी दुखलं नाही म्हणून मला हसण्यावारी नेलं, त्याचं काय?

आईची_वही:
ते चुकलंच त्यांचं. त्या पुरळाच्या बऱ्याच रुग्णांना पोटाचा त्रास जाणवतही नाही. म्हणूनच तर म्हणते, आधी तपासा! खरंच सिलिॲक असेल तर हे पथ्य जन्मभराचं आहे, आणि नसेल तर पोराला वाढदिवसाचा केक उगाच का नाकारायचा?

भाकरीवाली_माय:
‘बंद करण्याआधी रक्त तपासा’ ही ओळ पोस्टमध्ये टाकते. पोस्ट मात्र काढणार नाही. आणि गहू पुन्हा सुरू करायचा की नाही, ते मी नवीन डॉक्टरांशी बोलून ठरवीन, इथे नाही.