मदत हवी आहे: १५ वर्षांच्या मुलाचं जर्मनीत फुटबॉल रजिस्ट्रेशन, फिफा आर्टिकल १९

नवऱ्याची पुण्याहून म्युनिकला बदली झालीये, सगळे एकत्र जाणार. मुलगा १५ चा, इथे क्लबकडून खेळतो, एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणी सिस्टीममध्ये, रजिस्टर्ड आहे, पासपोर्ट भारतीय, घरात कोणाकडेच युरोपियन नागरिकत्व नाही, त्यामुळे १६ ते १८ वयाच्या खेळाडूंसाठीची ईयूवाली (युरोपियन युनियन) सूट आम्हाला लागू नाही.

फिफाचे नियम वाचलेत, आर्टिकल १९ हा अल्पवयीन खेळाडूंच्या ट्रान्सफरचा. १८ च्या आत इंटरनॅशनल ट्रान्सफर बंद, पण आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने देश बदलत असतील तर चालतं, आणि आमचं कारण खरंच तेच आहे. १० वर्षांवरच्या मुलांना आयटीसी (इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट) लागतं आणि ते नवीन देशाची असोसिएशन जुन्या असोसिएशनकडे मागते हेही कळलं. तिथल्या दोन क्लबना मेल केला, एकाचं उत्तर नाही, दुसरा म्हणतो आधी या मग बघू. इथल्या क्लबची एनओसी द्यायला हरकत नाही.

खरी अडचण अशी की एका प्रोफेशनल क्लबच्या अकॅडमीची ट्रायल आम्ही तिथे पोचायच्या आधीच आहे आणि मुलाला ती द्यायचीच आहे, त्याची मेहनत बघून नाही म्हणवत नाही. पण याच आर्टिकल १९ वरून २०१४ मध्ये बार्सिलोना क्लबवर दोन ट्रान्सफर विंडोंसाठी नवे खेळाडू घ्यायची बंदी आली होती, म्हणजे फिफा हे कडक बघते.

तर ज्यांनी मुलांचं असं रजिस्ट्रेशन केलंय त्यांनी प्लीज सांगा, नोकरीचं काँट्रॅक्ट ट्रायलच्या आधीच्या तारखेचं असलं तर पुरतं का, की ट्रायल आधी दिली म्हणून फुटबॉलसाठीच आलात असं धरतात? आणि आधी साध्या हौशी क्लबकडून खेळून नंतर अकॅडमीत गेला तर फिफाची परवानगी पुन्हा घ्यावी लागते का?