भुऱ्या एकदा चावला, म्हणून त्याला स्कीमबाहेर, म्हणजे अपार्टमेंटबाहेर, काढायचं का?

बेसा रोडची सून

एका चाव्यावरून कुत्रा कायमचा 'आक्रमक' ठरवता येतो का? माझं उत्तर नाही असं आहे. कुत्रा आमचा आहे, म्हणजे मी तटस्थ नाही हे आधीच सांगते. पण खाली जे लिहिते आहे ते दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याबद्दलही मी म्हटलंच असतं.

आमचा भुऱ्या सात वर्षांचा आहे. गावठी. पिल्लू असताना सासऱ्यांनी खामला बाजाराजवळून उचलून आणला. परवा सकाळी पार्किंगमध्ये लिफ्टचं दार उघडलं आणि दुसऱ्या मजल्यावरची शिह त्झू कुकी धावत बाहेर आली. तिचा पट्टा तो गुंडाळीचा, आपोआप लांबणारा. मालकीण लिफ्टमध्येच होती आणि कुकी भुऱ्याच्या तोंडाशी. भुऱ्या आखूड पट्ट्यावर होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उभ्या गाड्या, मागे सरायला जागा नाही. तो ताठ झाला, गुरगुरला, मग त्यानं तिची मान धरली आणि सोडली. कुकीला टाके पडले. उपचाराचा सगळा खर्च आम्ही दिला. चूक कोणाची हे ठरलं म्हणून नव्हे, दात आमच्या कुत्र्याचे होते म्हणून.

त्या दिवसापासून स्कीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भुऱ्याचं नाव 'खुनशी' पडलंय. सभेत ठराव येणार आहे की महिन्याभरात कुत्रा हलवा. त्याआधी तो कधी कोणाला चावला का, हे कोणी विचारलं नाही. चावा किती खोल होता, धरून झटकलं की लगेच सोडलं, कोण बांधलेलं होतं, कोण सुटं होतं, यातलं काहीच विचारलं नाही.

शिवाय आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नऊ वाजता डांबर तापतं, कुत्र्यांचे तळवे भाजतात. त्यामुळे सगळ्या घरांतले कुत्रे पहाटे एकाच तासाभरात खाली उतरतात आणि रात्रीही तसंच. एक लिफ्ट, एक गेट, आणि गेटबाहेर लेआऊटमधले मोकाट कुत्रे भुंकत उभे. हा सगळा ताण कुत्र्यावर आहे आणि आरोप मात्र एकट्या कुत्र्यावर.

आणि हलवायचं म्हणजे कुठे? गावाकडे शेतावर बांधायचं, की हिंगणा रोडला नेऊन सोडायचं? सात वर्षं घरात झोपलेला कुत्रा आहे तो.

धरमपेठकर

ताई, तुम्ही सगळं सांगितलं, वजनं तेवढी सोडून. शिह त्झू पाच-सहा किलोचा जीव. गावठी कुत्रा वीसच्या आसपास. कुकीनं शंभर वेळा अंगावर येऊन चावलं तरी भुऱ्याला ओरखडा येणार. भुऱ्या एकदाच चावला तर टाके. म्हणून पट्टा कोणाचा लांब होता हा मुद्दा मला अर्धाच पटतो. ज्याच्या कुत्र्याच्या जबड्यात ताकद आहे त्यानं लिफ्टच्या दारापासून दहा पावलं लांब उभं राहायचं. रोज. समोरून कोणी येवो न येवो.

तुम्ही म्हणता तो आधी कधी चावला नाही. बरं. पण आता चावला आहे. कुकीच्या मालकिणीनं उद्या खाली उतरताना भुऱ्याचा जुना स्वच्छ इतिहास आठवायचा, की परवाची सकाळ?

बेसा रोडची सून

परवाची सकाळच आठवणार, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. तिची भीती खरी आहे. माझं म्हणणं एवढंच की भीती खरी असली म्हणून आरोप आपोआप खरा होत नाही. लांब उभं राहण्याचं म्हणाल तर आमच्या पार्किंगमध्ये लिफ्टपासून दहा पावलांवर गेट लागतं आणि गेटबाहेर मोकाट टोळी बसलेली असते.

मानेवाड्याची आई

माझा मुलगा चार वर्षांचा आहे, आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. मला कुत्र्यांच्या भांडणात पडायचं नाही. एकच विचारते, आज कुत्र्याची मान धरली, उद्या पोराचा हात धरला तर? तेव्हाही पट्टा कोणाचा लांब होता हे मोजत बसायचं का? पोराला काही झालं तर 'आधी कधी चावला नव्हता' हे वाक्य मला कोणी ऐकवू नये.

नंदनवनचा भाऊ

मी सरळ बोलतो. नागपूर खंडपीठानं २०२२ लेच सांगून ठेवलं ना बावा कुत्र्यांबद्दल. तरी लोक ऐकून नाही राह्यले. सरकारनं त्या डेंजर जातींवर बंदी पण आणली होती. कायदा हाये, ठराव करा आन् मोकळे व्हा. यात चर्चा कायची?

सदरचा वकील

भाऊ, तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

नागपूर खंडपीठाचा ऑक्टोबर २०२२ चा आदेश मोकाट कुत्र्यांबद्दल होता, विशेषतः त्यांना सार्वजनिक जागी खाऊ घालण्याबद्दल. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावरून सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. घरात पाळलेल्या, पट्ट्यावर फिरवल्या जाणाऱ्या कुत्र्याशी त्याचा संबंध नाही.

जातींचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींबद्दल परिपत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते एप्रिलमध्ये रद्द केलं, कारण ते काढताना संबंधितांचं म्हणणंच ऐकलं नव्हतं. आणि आपला गावठी कुत्रा त्या यादीत नव्हताच.

तिसरा मुद्दा ठरावाचा. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत की बहुमतानंसुद्धा सोसायटीला कोणाचा पाळीव कुत्रा बाहेर काढता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पट्टा लावा, घाण उचला, हे सांगता येतं आणि सांगावं.

पण ताई, तुम्हीही निर्धास्त राहू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राणी बाळगताना केलेल्या निष्काळजीपणाबद्दल आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेला असलेल्या धोक्याबद्दल बोलतं, त्यामुळे कुत्र्यानं कुत्र्याला चावणं त्यात सरळ बसत नाही. मात्र भांडण सोडवताना कोणाचा हात मध्ये आला तर चित्र बदलतं. आणि आधीची एक घटना माहीत असताना तुम्ही काय काळजी घेतली, हा पहिला प्रश्न असेल.

नंदनवनचा भाऊ

कायदा समजला, वकीलसाहेब. पण नियम कितीही लिहा, सकाळी साडेपाचले पार्किंगमध्ये मंडळाचा माणूस येऊन उभा राहणार नाही. तिथं आपल्यालेच पाहा लागते.

प्रतापनगरचा एक काका

आमचा बंटी पॉमेरेनियन होता. शेजारच्या मोठ्या कुत्र्यानं त्याला एकदाच तोंडात धरलं. वरून दोन छोटी भोकं दिसत होती, रक्तही फारसं नाही. शेजारी म्हणाले, काही झालं नाही. आम्हीही हळद लावून घरी बसलो. तिसऱ्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले आतून सगळं फाटलं होतं.

त्या शेजाऱ्यांचा कुत्राही आधी कधी चावला नव्हता. माणसं चांगली होती, आजही आहेत. पण मी त्यांच्या दारावरून जाताना मान वर करत नाही. सूनबाई, तुमचं लिहिणं समजूतदार आहे. फक्त कुकीच्या घरच्यांनी तुमच्याकडे समजूतदारपणे बघावं ही अपेक्षा एवढ्यात करू नका.

पशुवैद्य, सेमिनरी हिल्स परिसर

काकांनी सांगितलं ते आम्ही नेहमी बघतो, म्हणून आधी तेच. मोठा कुत्रा लहान कुत्र्याला धरतो तेव्हा कातडीवर भोक छोटं आणि खाली स्नायू लांबवर सुटलेले, असं असू शकतं. छातीवर धरलं असेल तर बरगडी, फुप्फुस. वरची जखम बघून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. कुकीला टाके पडले म्हणजे वेळेवर नेलं होतं, हे चांगलं झालं. दोघांची रेबीजची लस चालू आहे ना, हे कार्ड काढून बघा. कुकीला बूस्टर द्यायचा का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा.

आता भुऱ्या. कुत्र्याचा धोका आम्ही तो किती भुंकतो यावरून ठरवत नाही. आजवर किती भांडणं झाली आणि त्यातल्या किती भांडणांत समोरच्याला दवाखाना गाठावा लागला, हे विचारतो. दहा वेळा झोंबाझोंबी होऊन कोणाला खरचटलंही नसेल, तर त्या कुत्र्याला दात आवरता येतात. पहिल्याच वेळी टाके पडले असतील, तर ते मी हलकं घेत नाही. इयान डनबार नावाच्या पशुवैद्यांनी चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली आहे. मूळची माणसाला झालेल्या चाव्यांसाठी, पण विचार इथंही लागू पडतो. नुसते दात लागले, एकच चावा उथळ रुतला, खोल रुतला, धरून झटकलं, पुन्हा पुन्हा चावला, या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंच्या सांगण्यावरून एकदा धरलं आणि सोडलं. खरं काय ते जखमेवरून कळेल. कुकीच्या डॉक्टरांकडून नोंद मागवा आणि ती सभेत वाचा. ग्रुपवरच्या शब्दांपेक्षा ती उपयोगाची.

दुसरं, सात वर्षांचा कुत्रा अचानक चावतो तेव्हा मी आधी दुखणं शोधतो. कंबर, कोपर, कान, दात. मागच्या पायानं उठताना वेळ लागतो का? कानाला हात लावू देतो का? दुखऱ्या कुत्र्याला अंगावर आलेलं पिल्लूसुद्धा नकोसं होतं. भुऱ्याची ही तपासणी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तिसरं, गुरगुरल्याबद्दल त्याला रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. मारून ती बंद पाडली तर पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावेल.

मानेवाड्याच्या ताईंना, कुत्र्यावर धावणारा कुत्रा माणसावरही धावेल असं गणित नाही. दोन्हींची मुळं बहुतेकदा वेगळी असतात. पण तुमची काळजी दुसऱ्या वाटेनं रास्त आहे. भांडण पेटलेलं असताना मध्ये आलेल्या हाताला किंवा लहान मुलाला कुत्रा, समोर कोण आहे हे न बघता, चावू शकतो. म्हणून मूल सोबत असताना दोन कुत्र्यांच्या मधल्या जागेत उभं राहू नका.

धरमपेठकर

डॉक्टरसाहेब, तुमचंच वाक्य धरतो. पहिल्याच वेळी टाके पडले तर तुम्ही हलकं घेत नाही. मग मझल, म्हणजे तोंडाला लावायचं मुसकं, का नाही? एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये ताईंनी तो शब्द उच्चारला नाही.

बेसा रोडची सून

शब्द उच्चारला नाही कारण ग्रुपवर मझल कोणी मागितलंच नाही, थेट कुत्रा बाहेर मागितला. मझल आम्ही आणलं आहे. सध्या घरात रोज त्यात खाऊ ठेवून तोंड घालायला शिकवतो आहोत. पहिल्याच दिवशी बांधून खाली आणलं असतं तर तो आणखी बिथरला असता. तपासणीची वेळ घेतली आहे. मागच्या डाव्या पायावर तो भार कमी देतो असं सासरे हिवाळ्यापासून म्हणत होते, ते डॉक्टरांना सांगणार आहोत.

पशुवैद्य, सेमिनरी हिल्स परिसर

जाळीचंच घ्या, तोंड आत उघडता येईल असं मोठं. तोंड आवळून बांधणारं कापडी नको. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो. या उन्हाळ्यात तोंड बंद केलं तर चावा टळेल आणि उष्माघात होईल. जाळीच्या मझलमध्ये पाणी पिता येतं का, ते आधी घरात बघा.

सदरचा वकील

ठरावाऐवजी लेखी नियम करा. भुऱ्याला खाली मझल, ताईंच्या संमतीनं. सगळ्या कुत्र्यांना पार्किंगमध्ये आखूड पट्टा, गुंडाळीचा पट्टा गेटबाहेर पडेपर्यंत लॉक करून, लांबू न देता. एक कुत्रा लिफ्टमध्ये असताना दुसऱ्यानं जिन्यानं जायचं. हे टिकेल. हकालपट्टीला कोणी आव्हान दिलं तर ती टिकणं कठीण.

धरमपेठकर

नियम ठीक. पण त्यात एक ओळ माझी घाला, पुन्हा दात लागले तर भुऱ्यासाठी दुसरं घर शोधायचं. रस्त्यावर नाही, घर. आणि ते तुम्ही शोधायचं.

बेसा रोडची सून

ती ओळ अशी लिहिली तर मी सही करणार नाही. मझल घातलेल्या, आखूड पट्ट्यावरच्या कुत्र्याजवळ सुटा कुत्रा येऊन भिडला आणि झटापट झाली, तर तीही भुऱ्याच्याच नावावर जाणार. 'कोण नियमात होतं हे पाहून' एवढे शब्द त्यात हवेत. मग लिहा.

धरमपेठकर

आणि ते पाहणार कोण? तुम्ही की कुकीची मालकीण?

बेसा रोडची सून

पार्किंगमध्ये कॅमेरा आहे. त्या सकाळचं चित्रीकरण सभेत लावा असं मी सेक्रेटरींना लेखी कळवलं आहे. अजून उत्तर नाही.

मानेवाड्याची आई

कॅमेरा मीही बघायला येईन. पण माझं मत तेच आहे. मझल घातलेला भुऱ्या महिनाभर खाली येताना-जाताना दिसू दे, त्याआधी मी कोणत्याच कागदावर सही करत नाही. काढा म्हणणाऱ्याही नाही आणि ठेवा म्हणणाऱ्याही नाही.