हान काळात शेतसारा तिसावा हिस्सा, तरी शेतकरी जमिनी का विकत होते?

गावनमुना: राम राम मंडळी. तलाठी म्हणून तीस वर्षं दप्तर सांभाळलं, आता निवांत वाचतो. चीनच्या हान घराण्यापाशी अडकलोय. इ.स.पू. १६७ मध्ये वेन सम्राटाने शेतसारा माफ केला, १५६ मध्ये जिंगने पुन्हा लावला तो तिसावा हिस्सा. तीस पोत्यांमागे एक! पण वेनच्याच दरबारातला छाओ त्सो सांगतो की शेतकरी जमिनी, घरं, पोरंबाळं विकून कर्ज फेडतात. सारा एवढा हलका, तर कर्ज कशाचं?

बांधावरचा: डोईपट्टीचं. सारा धान्यात, ती मात्र नाण्यांत. १५ ते ५६ वयाच्या प्रत्येकामागे वर्षाला १२० नाणी, बाईमाणूसही सुटत नाही. वर वेठ वेगळी. नाण्यांसाठी धान्य विकायचं, तेही भाव पडलेला असताना. छाओ त्सोच म्हणतो, ज्याच्याकडे माल आहे तो निम्म्या किमतीला विकतो, नसेल तो दामदुपटीने काढतो. इ.स.पू. १८९ चा हुकूम तर वाचाच: १५ ते ३० वयाची मुलगी बिनलग्नाची असेल तर पट्टी पाचपट. बापाच्या डोक्याला आधीच काय कमी ताप होता!

गावनमुना: हे पटलं. पण छाओ त्सो सांगतो त्या १०० मू (मू म्हणजे चिनी जमीनमाप) जमिनीत भागत नव्हतं?

रानमेवा: १०० मू होती कुणाकडे? ‌फंगह्वांगशान इथल्या हानकालीन १० नंबरच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर बियाणं वाटपाची यादी निघाली, तुमच्याच कामाची चीज. एका वस्तीतली २५ घरं, मिळून ६१७ मू. म्हणजे घरटी जेमतेम पावणेतीन एकर. एका नोंदीत घरात एकटाच माणूस, ८ मू रान, ८ तौ (धान्याचं माप) बियाणं उसनं. एकरसुद्धा भरत नाही हो.

आणि ज्याला तेवढंही नाही तो दुसऱ्याचं अर्धेलीने करणार. निम्मं पीक मालकाला, त्यातून मालक सरकारात भरणार तिसावा. साऱ्याची सूट गेली कुणाच्या कणगीत? हान गादी बळकावणाऱ्या वांग मांगने इ.स. ९ मध्ये जमिनीची खरेदी-विक्रीच बंद केली, तीन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

बांधावरचा: इ.स. ३९ ची जमीनमोजणी सांगायची राहिली. एका अधिकाऱ्याच्या पाटीवर टिपण सापडलं: ‘यिंगछ्वान, होंगनोंगचं विचारा, हनान, नानयांगचं विचारू नका.’ (हे चारही प्रांत.) क्वांगवू सम्राटाला उलगडेना. पडद्याआडून बारा वर्षांच्या राजपुत्राने फोड केली: हनानमध्ये राजधानी, तिथे दरबारी मंडळींची रानं, नानयांग सम्राटाचं गाव, तिथे सोयरेधायरे. खोट्या मोजणीपायी पुढे दहाच्या वर बडे अधिकारी मारले गेले.

गावनमुना: मोजणीवाल्यांबरोबर एकदा बांधावर उभा होतो, तेव्हा एकाने हळूच सांगितलं होतं, ‘भाऊसाहेब, साखळी त्या चिंचेच्या पलीकडे नेऊ नका.’ नेली. बदली झाली. त्या मानाने स्वस्तात सुटलो म्हणायचं.