कँडिन्स्की बघवतो, मग शॉनबर्ग का ऐकवत नाही?

चुकारतट्टू
गेले काही महिने १९०० ते १९२० मधल्या युरोपियन चित्रांचं वेड लागलंय. पिकासो, ब्राक, फ्रान्झ मार्क, मालेविच, सापडेल ते बघत सुटलोय. कळतंच असं नाही, पण बघत बसावंसं वाटतं. म्हटलं त्याच काळातलं संगीत पण ऐकू, म्हणून शॉनबर्गचे पियानोचे तीन तुकडे (ओपस ११, म्हणजे रचना क्रमांक ११, १९०९ चे) लावले आणि चौथ्या मिनिटाला बंद केले. परत लावले, परत बंद.
आता प्रश्न असा की कँडिन्स्की आणि शॉनबर्ग म्हणे मित्र होते आणि दोघं एकच गोष्ट करत होते, एकाने चित्रातून वस्तू काढून टाकली, दुसऱ्याने संगीतातून 'सा' काढून टाकला. मग एक डोळ्यांना चालतं ते कानाला का चालत नाही? माझा कान कच्चा आहे का हे नातं नंतर कोणीतरी बसून जुळवलंय?

निळा घोडेस्वार
जुळवलेलं अजिबात नाही. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला शॉनबर्गच्या संगीताची मैफल झाली, कँडिन्स्की मार्क वगैरे मंडळींबरोबर तिथे गेला होता. तू बंद केलेले तेच तीन तुकडे त्यात होते, आणि त्याचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना). घरी येऊन काही दिवसांत त्याने 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' रंगवलं, ज्यात काळा पियानो आणि त्याच्या अंगावर धावून येणारा पिवळा रंग आहे, बाकी माणसं म्हणजे नुसत्या रेघा. म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. मग ओळख ना पाळख, सरळ शॉनबर्गला पत्र लिहिलं की तुमच्या संगीतात एकेक आवाज स्वतःचं आयुष्य जगतो, मी चित्रात तेच शोधतोय. मैत्री तिथून पुढची.
शॉनबर्ग स्वतः चित्रं काढायचा हे माहितीये ना? कँडिन्स्की-मार्कच्या 'ब्लाउए राइटर' गटाच्या पहिल्या प्रदर्शनात, डिसेंबर १९११ मध्ये, त्याची चित्रं लावलेली होती. बरी होती म्हणू या.

सव्वादोन
कान कच्चा नाहीये, माध्यम वेगळं आहे. चित्र नाही आवडलं तर तू दोन पावलं पुढे सरकतोस, संपला विषय. शिवाय कँडिन्स्कीत वस्तू नसली तरी पिवळा पिवळाच असतो, तो छान दिसायला त्याला कशाचं तरी चित्र असावं लागत नाही. संगीतात तसं नाही, तिथे तुला वेळ धरून बसवलेलं असतं आणि कान सारखा पुढचं ओळखत असतो, आता ताण आला, आता सुटेल, आता घरी, म्हणजे 'सा'वर जाऊ. दोनेकशे वर्षं तिथलं संगीत याच खेळावर चाललं होतं. शॉनबर्गने घरच काढून घेतलं, म्हणजे ताण आहे पण सुटका नाही. चौथ्या मिनिटाला माणूस दमणारच.
आणि हे एका रात्रीत झालं नाही. वाग्नरने 'ट्रिस्टन' या ऑपेरात (१८६५) ती सुटका इतकी लांबवून ठेवली होती की कधीतरी कोणीतरी ती देणारच नव्हतं.
तू ओपस ११ पासून सुरू केलंस हीच चूक. दुसरं क्वार्टेट (१९०८) ऐक. पहिला भाग रीतसर स्केलमध्ये आहे, म्हणजे 'सा' ठरलेला, दुसऱ्यात मधेच 'आख दू लीबर आउगुस्टिन' ही रस्त्यावरची जुनी चाल वेड्यासारखी डोकावते, तिसऱ्यात चक्क एक गायिका येते (स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये! १९०८ ला!) आणि चौथ्यात स्केलची खूणच लिहिलेली नाही. गायिका तिथे स्टेफान गेओर्गेची कविता गाते, पहिल्याच ओळीत दुसऱ्या ग्रहावरची हवा जाणवतेय म्हणते. म्हणजे जमीन कुठे सुटते ते तुला कानाने कळतं.

उगाच वाद
शॉनबर्ग म्हणजेच आधुनिक संगीत हे कोणी ठरवलं? त्याच काळात स्ट्राविन्स्की होता, त्याने ठोक्याची मोडतोड केली. त्याच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाला, २९ मे १९१३, पॅरिसला गोंधळ झाला हे सगळे सांगतात, पण पुढच्या वर्षी तेच संगीत नाचाशिवाय वाजवलं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यामुळे आरडाओरडा कानामुळे होता का निजिन्स्कीने बसवलेल्या नाचामुळे, हा वाद अजून चालू आहे. मिलानचा रुसोलो तर चित्रकारच, त्याने १९१३ ला सांगितलं की आता गोंगाटच वाजवा, आणि तशी यंत्रं बनवली. एरिक साती या संगीतकाराच्या 'परेड' बॅलेत (१९१७) टाइपरायटर आणि पिस्तूल आहे, सेट आणि कपडे पिकासोचे. तुझा मुक्काम पिकासो-ब्राकच्या क्युबिझममध्ये असेल तर शॉनबर्गकडे कशाला जातोस, इकडे ये.
दुसरं म्हणजे कँडिन्स्की "बघवतो" कारण तशी चित्रं आपण लहानपणापासून पोस्टरवर, वह्यांच्या कव्हरवर बघत आलोय. तसले सूरही ऐकलेत, पण भुताच्या सिनेमात! तिथे कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे कानाने एकच धडा घेतलाय, असं वाजलं की दाराआड कोणीतरी उभं आहे.

सव्वादोन
भुताचं पटलं. पण लोक वैतागले ते संगीतावरच, हेही खरं. ३१ मार्च १९१३ ला, म्हणजे पॅरिसच्या आधी दोन महिने, व्हिएन्नात शॉनबर्ग स्वतः कंडक्ट करत होता, नाच नव्हता काही नव्हता, त्याचा शिष्य बर्ग याची गाणी चालू असताना मारामारी झाली आणि कार्यक्रम अर्ध्यात गुंडाळला. शेवटी माह्लर या संगीतकाराची गाणी व्हायची होती, ती राहिलीच.

निळा घोडेस्वार
अवांतर: १९०८ च्या उन्हाळ्यात शॉनबर्गची बायको गेर्स्टल नावाच्या तरुण चित्रकाराबरोबर निघून गेली होती, नंतर परत आली, गेर्स्टलने नोव्हेंबरमध्ये आत्महत्या केली. क्वार्टेट त्याच वर्षाचं आहे आणि बायकोलाच अर्पण केलंय. सगळं खापर यावर फोडू नये, पण आउगुस्टिनच्या गाण्यातली "सगळं संपलं" ही ओळ आठवली की अंगावर येतं.

चुकारतट्टू
सगळ्यांचे आभार. काल रात्री क्वार्टेट पूर्ण ऐकलं, तिसऱ्या भागात बाई गायला लागली तेव्हा दचकलोच. चौथा भाग आवडला म्हणणार नाही, पण बंद नाही केला. आणि शेवटी ते एकदम शांत, गोड काहीतरी वाजून थांबतं, ते काय आहे?

सव्वादोन
एफ शार्प मेजर. पहिला भाग एफ शार्प मायनरमध्ये होता, म्हणजे 'सा' तोच, शेवटी घरी आला. आता ओपस १९ मधला सहावा तुकडा ऐक, माह्लर गेल्यावर लिहिलेला, नऊच बार (आवर्तनं म्हण) आहेत. बंद करायच्या आत संपेल.