वायफायने खोलीतला माणूस खरंच कळतो का?

प्रश्न: आजी एकटी असते, तिच्या खोलीत कॅमेरा लावायला मन धजत नाही. नुसत्या वायफायवरून हालचाल कळते म्हणतात, खरंय का?

उत्तर १: हो, कळते. सिग्नल भिंती, कपाट, माणूस सगळ्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी रिसीव्हरला पोचतात, आणि माणूस हलला की त्या वाटा बदलतात, हा बदल सीएसआय (चॅनल स्टेट इन्फर्मेशन, म्हणजे सिग्नल वाटेत कसा बदलला याची नोंद) नावाच्या डेटात दिसतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंमी लांब, त्यामुळे चेहरा ओळखणं विसरा, पण श्वासाने छाती काही मिलीमीटर हलली तरी फेज (लहरीच्या चढउतारातली जागा) बदलतो, मला तर हे भारीच वाटतं!

उत्तर २: मी ईएसपी३२ या स्वस्त वायफाय चिपचे दोन बोर्ड समोरासमोर ठेवून बघितलं. मधून कोणी गेलं की ग्राफ लगेच उसळतो, पण पंखा लावला तरी ग्राफ नाचतोच आणि कपाट सरकवलं की सगळं परत सेट करा. आजी पडली हे ओळखायला एवढ्यावरच विसंबू नका प्लीज.

उत्तर ३: यासाठी ८०२.११बीएफ हे वायफायचं स्टँडर्ड २०२५ मध्ये आलंय. पण काळजी एकच, सिग्नल भिंतीबाहेरही जातो आणि पासवर्ड असला तरी बाहेरच्याला तो मोजता येतो, म्हणून आजीला आधी विचारा.