मदत हवी आहे: १४ वर्षांखालील फुटबॉल संघ शेवटच्या १५ मिनिटांत विस्कटतो. दम कमी पडतो की जागा चुकतात?

मुलांचा संघ, ११ विरुद्ध ११, ३५ मिनिटांचे दोन हाफ. पहिल्या हाफमध्ये पासिंग आणि प्रेसिंग (बॉल हिसकावण्यासाठी समोरच्यांवर दबाव) चांगलं असतं. शेवटी मिडफील्ड आणि डिफेन्समधलं अंतर वाढतं, हेडरनंतर सुटलेला बॉल समोरच्यांना मिळतो आणि गोल बसतात.

करून पाहिलेलं: फिफा ११+ वॉर्मअप (दुखापती टाळण्यासाठीचा व्यायामक्रम), सरावात ४ विरुद्ध ४ (४ मिनिटांचे ४ डाव, मध्ये २ मिनिटं विश्रांती), ४-४-२ ऐवजी ४-३-३ रचना (बचाव-मधली फळी-आक्रमण), हाफटाइमनंतर लगेच दोन ताजे विंगर (कडेने खेळणारे). यो-यो टेस्टचे (धावण्यातून दम मोजणारी चाचणी) आकडे सुधारले, सामन्यातलं चित्र तेच. म्हणून सगळं खापर स्टॅमिनावर फोडणं मला पटत नाही.

गुंता असा की दोन्ही सेंटर बॅक (मधले बचावपटू) सध्या झपाट्याने उंच होताहेत. या काळात शरीराचा ताळमेळ तात्पुरता बिघडू शकतो. एकाची टाच दुखते, त्यामुळे त्याच्या उड्या आणि स्प्रिंट कमी केलेत. उंची-वजनाची नोंद दर तीन महिन्यांनी होते.

मर्यादा: आठवड्याला ९० मिनिटांचे दोनच सराव, जीपीएस नाही, उंचावर लावलेला एक मोबाइल कॅमेरा. प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवायचा, यात तडजोड नाही; या वयात बाकावर बसवून कुणी शिकत नाही.

दमल्यामुळे उशिरा पोहोचणं आणि धोका उशिरा ओळखणं, या दोन गोष्टी व्हिडिओवरून वेगळ्या करायच्या तर दर १५ मिनिटांच्या तुकड्यात नेमकं काय मोजू?