सेकंडहँड आरएक्स-८ घ्यावी का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ओंकार: देशपांडे काका, माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये सेकंडहँड माझदा आरएक्स-८ बघतोय. १३०८ सीसी, टर्बो नाही, तरी २३० च्या आसपास बीएचपी (अश्वशक्ती)! कसं काय?

देशपांडे काका: रोटरी इंजिन आहे ते! पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर, कमरेत थोड्या आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो. तीन बाजूंना तीन कप्पे. फिरता फिरता प्रत्येक कप्पा लहानमोठा होतो; हवा-पेट्रोल ओढतो, दाबतो, पेटवतो, धूर बाहेर टाकतो. रोटरच्या एका फेरीत शाफ्टच्या, म्हणजे ताकद बाहेर नेणाऱ्या दांड्याच्या, तीन फेऱ्या होतात, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटरचा एक पॉवर स्ट्रोक (पेटलेल्या इंधनाचा धक्का). साध्या फोर-स्ट्रोक पिस्टन इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला तेवढ्यासाठी दोन फेऱ्या लागतात. म्हणून तुलना २६१६ सीसीच्या इंजिनाशी करायला हवी. १३०८ हा आकडा फसवा आहे.

स्मिता: मग सगळ्यांनी हेच का नाही बनवलं?

देशपांडे काका: ताई, जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये रोटरी इंजिनाची रो ८० काढली. गाडी देखणी, पण रोटरच्या टोकांवरची सील (कप्पे हवाबंद ठेवणाऱ्या पट्ट्या) लवकर झिजायची. वॉरंटीत इंजिनं बदलून देताना कंपनी बेजार झाली. माझदाच्या केनिची यामामोतोंच्या टीमने सीलचं दुखणं बरंच आटोक्यात आणलं. पण कप्प्याचा आकारच लांबट आणि चपटा. ज्योत कोपऱ्यांपर्यंत नीट पोचत नाही, न जळलेलं पेट्रोल धुरातून जातं. मायलेज कमी, प्रदूषण जास्त. वर सीलना वंगण म्हणून ऑइलही जाळावं लागतं.

जयेश: तरी १९९१ ला माझदाच्या चार रोटरच्या ७८७बीने फ्रान्समधली २४ तासांची ले मां शर्यत जिंकली! जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय.

देशपांडे काका: अगदी! थरथर नाही, वजन कमी, ९००० आरपीएमपर्यंत सुरळीत. मला आजही याच्याइतकं सुंदर इंजिन दुसरं वाटत नाही. रोज शहरात चालवायला मात्र नको.

ओंकार: मग भावाला काय सांगू?

देशपांडे काका: आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे कप्प्यांत दाब किती तयार होतो ते मोजायचं, तेही रोटरीच्या खास गेजने (दाबमापकाने). साधं गेज तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचाच आकडा दाखवतं. इंजिन गरम असताना बंद करून पुन्हा चालू करून बघायचं. कुरकुरलं तर गाडी सोडून द्यायची. घेतलीच, तर ऑइल वरचेवर तपासायचं. आणि थंड इंजिन चालू करून, गाडी दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करायची नाही. स्पार्क प्लग पेट्रोलने ओले होऊन बसतात.